कॉव्हेंट्रीच्या बेचाळीस कॅसेट

घर भाड्यानं देताना लोक काय काय विचारतात, हे जयनगरात पंधरा दिवस हिंडून मला पाठ झालं होतं. लग्न झालंय का, मासे शिजवणार का, मित्रमंडळी येतात का. घरमालक अण्णांनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला वरच्या रिकाम्या खोलीच्या मधोमध उभं केलं, स्वतः खाली गेले आणि खालून ओरडले, "आता चल बघू!"

मला वाटलं, खाली बोलावताहेत. मी जिन्याकडे वळले.

"तिकडं न्हवं! खोलीतच चाल. ह्या भिंतीपासनं त्या भिंतीपर्यंत. रोज चालतीस तसं."

मी चालले. दोनदा गेले, दोनदा आले. अण्णा वर आले तेव्हा त्यांचा चेहरा वाईट रिपोर्ट हातात पडलेल्या डॉक्टरसारखा होता.

"टाच आपटून चालतीस," ते म्हणाले. "पुण्यात सगळी अशीच चालतात काय?"

त्यांच्या मागे त्यांची बायको उभी होती. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची. तिनं मला हळूच सांगितलं, "आधीची मुलगी ह्याच्यावरनंच गेली बघ. तू स्वल्प सांभाळून घे." मग अण्णांनी मला जाड फेल्टचे तळवे शिवलेल्या सपाता दिल्या. शनिवार-रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, त्या घालूनच फिरायचं. कारण माझ्या खोलीच्या बरोबर खाली त्यांची मागची खोली होती, आणि त्या खोलीत टेपा वाजत असायच्या. माझी टाच टेपेच्या आवाजात मिसळणार होती.

त्या घरात मी चार वर्षं राहिले. आता मी हेब्बाळला, ऑफिसच्या जवळ असते, आणि अण्णा-अक्का धारवाडला मुलीकडे गेले. जयनगरच्या त्या घराला नवीन मालकानं निळा रंग दिलाय. पण आजही कुणी जोरात पाय आपटत गेलं की मी आधी खाली बघते.

अण्णा निपाणीकडचे. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि कारखान्यात स्वतःची एक इंग्रजी. होसकोटेच्या एका कारखान्यात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं बेअरिंगं तपासली. तपासायची त्यांची पद्धत म्हणजे एक हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हर. त्याचं टोक चालत्या मशीनला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. "हे महिनाभर चालेल, ते आज काढा," एवढं बोलून पुढच्या मशीनकडे. मीटर वगैरे नंतर आले. अण्णांचं म्हणणं, मीटर काय सांगतो ते बरोबर असतं, पण तो स्वतःहून बोलत नाही.

हीच सवय त्यांनी घरात आणली होती. माझा फ्रिज, पाण्याची मोटर, शेजाऱ्याची स्कूटर, सगळ्याला त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर लागलेला असे. एकदा मी ऑफिसला निघाले असताना रिक्षावाल्याला थांबवून त्यांनी इंजिन ऐकलं, त्याच्याशी पाच मिनिटं कन्नडमध्ये गंभीरपणे बोलले आणि मला म्हणाले, "हेब्बाळपर्यंत जाईल. परत येणार न्हाई. तू दुसरी बघ." मी त्याच रिक्षातून गेले. रिक्षावाला संध्याकाळी गॅरेजमधून अण्णांना फोन करून विचारत होता, तुम्हाला कळलं कसं म्हणून.

आता त्या टेपांचं.

नव्वदच्या दशकात कारखान्यानं अण्णांना दीड वर्ष इंग्लंडला पाठवलं, कॉव्हेंट्रीला, नवीन मशीन शिकायला. तिथं ते एका तीन मजली घरात मधल्या मजल्यावर एका खोलीत राहत. शेजारच्या खोलीत बाविशीचा एक माणूस राहायचा. दोघांच्या मधली भिंत पातळ. रविवारी दुपारी त्या भिंतीतून ढोल यायचा. साधा ढोल नाही. इतका जलद, इतका तुटक की माणसाच्या हाताला तो वाजवता यायचा नाही. आणि ढोलाच्या खाली, निम्म्या चालीनं, एक खर्ज.

पहिले तीन रविवार अण्णांनी भिंतीला स्क्रू-ड्रायव्हर लावून ऐकलं. चौथ्या रविवारी जाऊन दार वाजवलं. त्या माणसानं दार उघडलं ते माफी मागतच. गल्लीतला प्रत्येक जण तक्रार घेऊनच यायचा. अण्णा म्हणाले, "नो, नो. युवर लेफ्ट स्पीकर. पेपर टोर्न."

डाव्या स्पीकरचा आतला कागदी कोन खरंच फाटला होता. अण्णांनी टिश्यू पेपर आणि पांढरा गोंद लावून तो तिथंच जमिनीवर बसून जोडला. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी अण्णा त्या खोलीत असत, बरोबर त्यांचा स्वतःचा छोटा कॅसेट रेकॉर्डर. खुर्चीवर ठेवायचा, बटण दाबायचं आणि ऐकायचं.

त्या संगीताला ड्रम अँड बेस म्हणतात, हे अण्णांना पुष्कळ नंतर कळलं. त्यांनी स्वतःपुरतं ते असं समजून घेतलं होतं: "वर शंभर शेळ्या उधळल्यात, आणि खालनं म्हैस आपल्या चालीनं चाललीय. दोघींचा रस्ता एकच. नवीन माणूस शेळ्या ऐकतो. तू म्हशीकडं लक्ष दे." मी आजवर कित्येक लेख वाचले, पण इतकं सोपं कुणी सांगितलेलं नाही.

त्या माणसाचं नाव अण्णा कधी घेत नसत. म्हणायचे, "आमचा कारागीर." कारण तो जे करायचा ते त्यांना ओळखीचं होतं. जुन्या रेकॉर्डवरचा चार सेकंदांचा ढोल घ्यायचा, मशीनमध्ये त्याचे बारीक बारीक तुकडे करायचे, एकेक तुकडा घासूनपुसून पुन्हा जोडायचा. एका कामाला दोन दोन महिने. आणि एक-दोन आठवड्यांनी नवा नमुना अण्णांसमोर. अण्णा डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, तिसऱ्या मिनिटाला बेअरिंग वाजतंय. तो हसत हसत तिसरं मिनिट उघडून बसे.

दीड वर्षानं अण्णा परत आले, बॅगेत बेचाळीस कॅसेट घेऊन. अक्कांचं यावर एकच वाक्य होतं. पाहुणे आले की त्या ते म्हणतच: "इंग्लंडहून लोक सेंट आणतात, चॉकलेट आणतात. ह्यांनी धडधड आणली."

त्याच कामांतून कारागिराच्या पुढं सात रेकॉर्डी निघाल्या. फार मोठं नाव झालं नाही, पण त्या जातीचं संगीत ऐकणारे लोक त्या सात रेकॉर्डींना देव्हाऱ्यात ठेवतात. अण्णा दरवर्षी त्याला नव्या वर्षाचं कार्ड पाठवत. एका वर्षी कार्ड परत आलं. चाळिशीच्या आत, अचानक, हृदय बंद पडून तो गेला होता. घर रिकामं करणाऱ्यांनी त्याच्या मशिनी आणि सगळ्या डिस्क कचऱ्यात टाकल्या. म्हणजे ती सात कामं कशी घडली, आधी काय होतं, काय कापलं, काय जोडलं, याचा जगात एकच पुरावा उरला होता, आणि तो जयनगरात एका स्टीलच्या कपाटात, ओल शोषणाऱ्या पुड्यांसकट ठेवलेला होता.

निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी अण्णा कामाला लागले. एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची आणि वहीत नोंद करायची. नोंदी मराठीत, कारखान्याच्या तपासणी तक्त्यासारख्या. नमुना क्रमांक. लांबी. दोष. मागील नमुन्यापासून बदल. शेवटच्या रकान्यात सही: निरीक्षक. शनिवारी संध्याकाळी मी त्याचं इंग्रजी करून द्यायचे, आणि ते, उतरवलेल्या टेपेसकट, आम्ही इंटरनेटवर टाकायचो. फुकट. जगभरातले लोक ते ऐकत आणि वाचत. जर्मनीचा एक जण लिहायचा, जपानची एक बाई लिहायची.

त्यांचा नियम एकच होता. जे आपण ऐकलं किंवा पाहिलं तेच लिहायचं. एकदा जर्मनीच्या माणसानं दोन पानी पत्र पाठवलं. बंद पडत चाललेल्या कारखान्यांच्या शहराचं दुःख या खर्जात उतरलंय असं आपल्याला वाटतं का, असा प्रश्न होता. मी फार छान उत्तर तयार केलं. अण्णांनी ते वाचायला लावलं आणि म्हणाले, "हे तू कधी बघितलंस?"

"मी कुठं बघणार, अण्णा?"

"मग मी तरी कुठं बघितलं? खोड ते."

उत्तर गेलं ते असं: "मला माहीत नाही. तो चहा फार प्यायचा."

दुसरा एक नियम टेपांबद्दल होता. कॅसेट एकदाच वाजवायची. जुन्या पट्टीवरची तपकिरी भुकटी वाजवताना झडते, आणि झडली की त्याबरोबर आवाजही झडतो. एकदा उतरवली की कॅसेट पुड्यात बांधून कपाटात, पुन्हा हात लावायचा नाही.

मला वाटायचं, अण्णा माझी परीक्षा घेतात. टेप चालू असताना ते मला बोलावत आणि विचारत, "वरची झांज ऐकू यायलीय काय?" मी म्हणे, हो. "किती वेळा?" मी मोजून सांगे. ते मान हलवत आणि लिहीत. मोठ्या गुरूनं शिष्याला घासून घ्यावं तसा माझा अभिमान फुगत होता.

एका शनिवारी दारावरची बेल वाजली. ती चिमणीच्या आवाजाची बेल होती, किलबिल करणारी. अण्णा दारापासून चार पावलांवर बसले होते. बेल तीनदा वाजली. ते वाचत राहिले. मी दार उघडून कुरियरचं पाकीट घेतलं आणि त्यांच्या समोर ठेवलं. ते दचकले. मग माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे, आणि मला सगळं एकदम कळलं. झांजा मोजायला मला का बोलावतात ते.

"वरचं गेलंय," अण्णा म्हणाले. "खालचं शाबूत हाय. बत्तीस वर्षं मशिनीपाशी उभारलो, त्या बदल्यात एवढं तर जाणारच."

"अक्कांना माहीत आहे?"

"तिला सगळंच माहीत असतंय. तू बाहेर कुणाला बोलू नको. बहिरा माणूस आवाजाची नोंद करायलाय म्हटल्यावर त्या नोंदीवर कोण विश्वास ठेवणार?"

मी म्हटलं, मग वहीत खरं कसं काय? जे ऐकलं तेच लिहायचं ना? झांज तुम्ही ऐकत नाही.

मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी वही ओढली, मागच्या सहा महिन्यांची पानं उलटली आणि दाखवलं. झांजेच्या प्रत्येक नोंदीपुढं बारीक अक्षरात 'व. म.' लिहिलेलं होतं. वरच्या मजल्यावरून. म्हणजे मी.

इतक्या काटेकोर माणसाकडून मोठी चूक झाली होती, आणि ती त्याच काटेकोरपणातून झाली होती. ती उघडी पडली एका मेलमुळे.

मेल कारागिराच्या मुलीची होती. अण्णा परत आल्यावर बऱ्याच वर्षांनी ती जन्मली. बाप गेला तेव्हा ती दोन वर्षांची होती, आता वीस. तिनं लिहिलं होतं की तुम्ही लावलेलं सगळं मी ऐकलं, एकूण एक. वडील काय काम करत होते ते आता मला कळतं. एकच विचारायचं होतं. या टेपांवर ते कुठं बोलतात का? मला त्यांचा आवाज आठवत नाही. आईकडे एक व्हिडिओ होता, पण त्यात आवाज नव्हता.

मी मेल मराठीत वाचून दाखवली. अण्णा म्हणाले, पुन्हा वाच. पुन्हा वाचली. त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला.

"तो बोलायचा," ते म्हणाले. "प्रत्येक टेपेवर बोलायचा. आधी बोलायचा, मग वाजवायचा, मग आम्ही दोघं बोलायचो. रेकॉर्डर चालूच असायचा."

"मग?"

"मी कापलं."

कॉम्प्युटरवर उतरवल्यावर अण्णा प्रत्येक नमुना दोन्ही टोकांनी साफ करत. बोलणं, खुर्ची सरकवणं, खोकला, सगळं काढून फक्त काम ठेवत. कापलेलं पुसून टाकत. "लेथखाली पडलेला चुरा कुणी जपून ठेवतंय काय?" असं ते मला एकदा म्हणालेही होते, आणि मला तेव्हा ते पटलं होतं.

कॅसेट होत्याच की, मी म्हटलं. त्यांनी वहीतल्या 'दोष' या रकान्यावर बोट ठेवलं. काही टेपांची पहिल्या वाजवण्यातच इतकी भुकटी पडली होती की यंत्राचं हेड दर दहा मिनिटांनी पुसावं लागलं होतं. पुन्हा वाजवल्या तर काय उरेल याची खात्री नव्हती. पुढं कधी चांगलं यंत्र मिळेल, एखाद्या मोठ्या ग्रंथालयात तज्ज्ञ माणूस त्या नीट उतरवेल, या आशेवर ते त्यांना जपत होते.

दोन दिवस अण्णांनी एकही टेप लावली नाही. तिसऱ्या दिवशी अक्का मागच्या खोलीत गेल्या. त्या खोलीत त्या सहसा पाऊल ठेवत नसत. मी जिन्यात होते, मला ऐकू आलं.

"टेपा कुणासाठी ठेवल्यात?" अक्कांनी विचारलं. अण्णांना ऐकू यावं म्हणून त्या मोठ्यानं बोलत होत्या, त्यामुळे गल्लीलाही ऐकू जात असणार. "ग्रंथालयातल्या म्हाताऱ्यासाठी? का तिच्यासाठी? पोरगीला बापाचा आवाज पाहिजे, आणि तुम्ही पुडे मोजत बसलाय."

"तुटली तर?"

"तुटली तर तुटली. आता तरी ती बोलते काय?"

कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. मग अण्णा म्हणाले, "सरी, बरं. वरच्या मुलीला बोलाव."

तो रविवार आणि पुढचे चार. अण्णा यंत्रापाशी, मी कानाला हेडफोन लावून. सगळी टेप वाजवायची नाही, फक्त सुरुवात आणि शेवट. कारागिराचं बोलणं ऐकू आलं की मी हात वर करायचा. अण्णांची नजर माझ्या हातावर खिळलेली. पहिल्या कॅसेटवर नुसती खरखर. दुसऱ्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आणि पुन्हा खरखर. 

तिसऱ्यावर माझा हात वर गेला.

"काय म्हणतोय?" अण्णांनी ओठ हलवून विचारलं.

तरुण, किंचित नाकातला आवाज. शब्द भराभर, एकमेकांवर चढणारे. मी ऐकलं तसं मराठीत सांगत गेले: "म्हणतो, बरं, हा तिसरा. काय बिघडलंय सांगा, बॉस."

अण्णांनी स्पीकरचा आवाज वाढवला आणि पुढं वाकले. त्यांनी मान हलवली. "शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलायलंय, एवढंच कळतंय. शब्द न्हाईत." मग त्यांनी तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवला आणि म्हणाले, "तू सांगत जा."

मी सांगत गेले. चहा गार झाला म्हणाला. पाऊस थांबत नाही म्हणाला. नवव्या कॅसेटवर तो मशीनला शिव्या देत होता, त्या मी थोड्या सौम्य केल्या, अण्णा म्हणाले, "असं न्हवता बोलत. खरं सांग." मी खरं सांगितलं. अण्णा खूष झाले. ज्याच्याबरोबर दीड वर्ष बसले, त्याचं बोलणं ते माझ्या तोंडून ऐकत होते, पुणेरी मराठीत, आणि प्रत्येक वाक्यावर मान डोलावत होते, जणू एकेक वस्तू ओळखून परत ताब्यात घेत होते.

अठराव्या कॅसेटची पट्टी यंत्रात गुंतली आणि तुटली. जोडण्यासारखं काही उरलं नाही. अण्णांनी यंत्र बंद केलं, पट्टीचा गुंता बशीत काढून ठेवला आणि वहीत लिहिलं: "नमुना १८. मूळ टेप नष्ट. कारण: माझ्या हातून." मग एकोणिसावी लावली.

सगळं मिळून अकरा मिनिटं बोलणं निघालं. ते आम्ही तिला पाठवलं. तिनं कळवलं की एकटीनं ऐकायची हिंमत होत नाही, ऐकताना तुम्ही फोनवर थांबाल का? तिकडं दुपार, इकडं संध्याकाळ. स्क्रीनवर ती एका स्वयंपाकघरात बसली होती, ओले केस, हातात मग. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. अक्का मागं खुर्चीवर बसल्या. मी मधे, दोन्हीकडचं सांगायला.

अकरा मिनिटं आम्ही तिला ऐकताना पाहिलं. ती हलली नाही. मधे एकदा हसली. संपल्यावर तिनं मग खाली ठेवला आणि विचारलं, "बरोबर आणखी एक जण हसतोय. तो कोण?"

मी अण्णांना सांगितलं. अण्णा जरा लाजले. "दॅट इज मी," ते म्हणाले.

"तुम्ही हसायला लागलात की मग तो हसतो," ती म्हणाली. "तुमचं बोलणंही कापू नका."

अण्णांनी मान हलवली. मग तिनं मगच्या कडेवरून बोट फिरवत विचारलं, तुम्हाला तो चांगला माहीत होता. त्याला मूल हवं होतं का? कधी काही बोलला होता?

मी मराठीत सांगेपर्यंत माझ्या मनात उत्तर तयार होतं. वीस वर्षांची मुलगी, आठ हजार किलोमीटरवर, ओल्या केसांनी बसलेली. हो म्हणायला काय जातंय? मी अण्णांना हळूच म्हटलं, "मी सांगू का काहीतरी?"

"काहीतरी म्हणजे? मी ऐकलेलं न्हाई." आणि मला थांबवून त्यांनी स्वतःच्या इंग्रजीत, स्क्रीनकडे बघत, सावकाश सांगितलं की तू तेव्हा नव्हतीस. तू व्हायच्या पुष्कळ आधी मी तिथून निघालो. त्याबद्दल तो माझ्याशी कधी बोलला नाही.

तिनं मान खाली घातली. अक्का मागून कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटल्या, ते अण्णांना ऐकू गेलं नाही, हे बरं झालं.

"पण एक बघितलंय," अण्णा म्हणाले. "नमुना एकतीस. ते मी बघितलंय." पुढचं त्यांना इंग्रजीत जमेना, म्हणून ते मराठीत बोलले आणि मी सांगत गेले.

एकतिसाव्या टेपवर ढोल नाही. एक पूर्ण बाजू, पंचेचाळीस मिनिटं, नुसता खर्ज. इंटरनेटवर त्याबद्दल लोकांनी खूप लिहिलंय. केवढं धाडस, केवढा संयम, काळाच्या किती पुढं. झालं होतं ते असं. खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची. रविवारी ती ड्यूटीवर असे आणि तिचं चार-पाच महिन्यांचं बाळ आजीपाशी. ढोल सुरू झाला की बाळ जागं व्हायचं. खर्ज मात्र त्याला आवडायचा. तो चालू असला की झोपायचं, थांबला की रडायचं. त्या रविवारी आजीला बरं नव्हतं. ती पायऱ्या चढून वर आली, त्याला दाराशीच हळू आवाजात हे सांगितलं आणि खाली गेली. कारागिरानं ढोलाचं बटण बंद केलं, खर्ज तेवढा ठेवला, आणि मांडीवर हात ठेवून पंचेचाळीस मिनिटं बसून राहिला. तीन दिवसांनी रेकॉर्डवाल्यांना काम द्यायचं होतं. ते त्यानं दिलं नाही. लिहून ठेवलंय, अण्णा म्हणाले. "दोष: ढोल नाही. कारण: खाली मूल झोपलं आहे."

मी हे सांगून संपवलं. पलीकडे ती तोंडावर हात धरून होती. तेवढ्यात मला काहीतरी आठवलं.

"अण्णा," मी म्हटलं, "त्या टेपेच्या सुरुवातीला तुम्ही बोलताय. मोठ्यानं विचारताय, व्हेअर इज द ड्रम? आणि मग तो 'श्शऽऽ' करतो. मी तेव्हा हात वर केला नव्हता. मला ते बोलणं वाटलं नाही."

'श्श' हा वरचा आवाज. अण्णांच्या आताच्या कानांना तो ऐकू आला नसता, आणि तीस वर्षांपूर्वीचं ते विसरून गेले होते.

"मला गप्प केलं?" ते म्हणाले.

"हो."

ते हसायला लागले. खांदे हलेपर्यंत हसले. स्क्रीनवरच्या मुलीला काय चाललंय ते कळेना, म्हणून मी तिला सांगितलं, आणि तीही डोळे पुसत हसायला लागली. तिनं विचारलं, ते पाठवाल? तो एकच आवाज?

"पाठवतो म्हण," अण्णा म्हणाले. त्यांनी वही जवळ ओढली, एकतिसावं पान काढलं आणि जुन्या नोंदीच्या खाली, शाईच्या पेनानं, तीन ओळी लिहून सही केली. मी वाकून वाचल्या.

"निरीक्षक मोठ्यानं बोलला. कारागिरानं गप्प केलं (व. म.). मूल उठलं नाही."